घटक ७ : कल्पित भाषेची घडण

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• सांकेतिक बोली आणि भाषा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ध्वनी, शब्द आणि व्याकरण या तीन स्तरांवर एक लहानशी कल्पित भाषा रचता येईल.
• घडवलेले शब्द समाजात रुजतात किंवा रुजत नाहीत, यामागील कारणे सांगता येतील.
• बोलीभाषांविषयीचे आपले स्वतःचे पूर्वग्रह तपासून पाहता येतील.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण ध्वनिविचार, रूपविचार आणि वाक्यविचार यांचा स्वतंत्रपणे परिचय करून घेतला. यंत्राचे भाग सुटे करून पाहिले की त्यांची नावे कळतात. यंत्र चालते कसे हे मात्र ते भाग पुन्हा जोडल्यावरच कळते. या घटकात आपण तेच करणार आहोत. कोणीही न बोलणारी एक छोटी भाषा आपण मुळापासून रचणार आहोत.

हा विषय मला सुचला तो नागपुरातील मनीषनगर या माझ्या राहत्या वस्तीत. आमच्या इमारतीतील काही महाविद्यालयीन मुले दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर एक खेळ खेळतात. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक जगातील पात्र होतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. एकजण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, आणि पुढे काय घडते हे खेळाडूंच्या बोलण्यावर व फाशांवर ठरते. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून ही पद्धत जगभर पसरली. या मुलांनी आपल्या जगासाठी एक भाषा तयार केली होती. तीनशे शब्दांची वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि त्यांनी विचारले, “ही भाषा झाली का?”

वही मी रात्री वाचून काढली. प्रत्येक मराठी शब्दासमोर एक नवा शब्द होता. वाक्ये मराठी क्रमानेच चालत होती, विभक्ती मराठीप्रमाणेच लागत होत्या. वहीच्या शेवटी ‘दैत्यांची बोली’ असे एक पान होते. त्या पानाकडे आपण ७.३.६ मध्ये वळू. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या घटकाचा विषय आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ सांकेतिक बोली म्हणजे काय?

आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ‘च’ची भाषा बोललेली असेल. शब्दातील पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा. ‘मला पाणी दे’ या वाक्याचे ‘चलाम चणीपा चदे’ होते. मोठ्यांना काही कळू नये, एवढाच तिचा हेतू असतो.

या खेळात भाषावैज्ञानिकाला पुष्कळ काही दिसते. ‘प्रकाश’ या शब्दाचे ‘चकाशप्र’ होते. ‘प्र’मधील प् आणि र यांना मूल वेगळे करत नाही. ‘रस्ता’ या शब्दाचे काय होते? अनेकजण ‘चस्तार’ म्हणतील. म्हणजे ते लिहिलेले अक्षर हलवतात. उच्चारात मात्र या शब्दाचे ‘रस्’ आणि ‘ता’ असे दोन अवयव पडतात, आणि त्यानुसार ‘चतारस्’ व्हायला हवे. मूल लिपीच्या अक्षराने विचार करते की उच्चारातील अवयवाने, हा खरोखरीचा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला आपल्या घरातील दोन मुले पुरेशी आहेत.

महाराष्ट्रात अशा युक्त्या मोठ्यांनीही केल्या आहेत. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात. गोंधळी करपल्लवी वापरतात. एकजण बोटांच्या खुणा करतो आणि दुसरा त्या वाचून प्रेक्षकाने सांगितलेले नाव ओळखतो. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा आत जुनी, शुद्ध, घरगुती मराठी निघाली.

शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. किल्ली सापडताच आत मराठी निघाली, कारण झाकण बदलले होते, आतील द्रव्य तेच होते. अशा रचनेला आपण सांकेतिक बोली किंवा सांकेतिक लिपी म्हणतो. मुलांची तीनशे शब्दांची वहीही याच प्रकारची होती. ती वस्तुतः लांबवलेली ‘च’ची भाषा होती.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) ‘नागपूर’ हा शब्द ‘च’च्या भाषेत लिहा.
आ) सकळ लिपीतील ग्रंथाला ‘वेगळ्या भाषेतील ग्रंथ’ का म्हणता येत नाही? दोन वाक्यांत सांगा.

७.३.२ ध्वनींची निवड

आता रचनेला आरंभ करू. मुलांच्या खेळात नदीवर राहणारे नावाडी लोक होते. आपण त्यांना ‘लिवारु’ म्हणू आणि त्यांच्या भाषेला मराठी वळणाने ‘लिवारी’.

पहिला निर्णय ध्वनींचा. कोणतीही भाषा मानवी मुखातून निघू शकणारे सर्व ध्वनी वापरत नाही. ती काही निवडते आणि बाकीचे सोडते. मराठीने ‘ळ’ ठेवला. प्रमाण हिंदीत तो नाही. लिवारीसाठी आपण नऊ व्यंजने घेऊ : क, त, प, स, म, न, र, ल, व. स्वर पाच : अ, आ, इ, उ, ए. महाप्राण नाहीत, मूर्धन्य नाहीत. जोडाक्षर चालणार नाही. शब्द स्वरान्त असेल, किंवा अखेरीस फक्त ‘न्’ चालेल. या चार ओळींच्या नियमांतून बाहेर पडणारा प्रत्येक शब्द एकाच कुळातला वाटू लागतो. ‘तिरुन’ हा शब्द लिवारी असू शकतो. ‘मस्को’ असू शकत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे नसलेला ध्वनी आपल्या कानाला ‘कठोर’ किंवा ‘रानटी’ वाटतो. मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९८४ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी क्लिंगॉन ही परग्रहवासी योद्ध्यांची भाषा विकसित केली आणि १९८५ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी कानाला परके वाटावेत म्हणून त्यात जे ध्वनी घेतले, त्यांत एक मूर्धन्य ‘ड’ आहे. जो ध्वनी आपण डाळ, डबा, डोके म्हणताना सहज उच्चारतो, तो तेथे परग्रहावरचा ठरला. २०१५ च्या ‘बाहुबली’ चित्रपटातील कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली. तिच्यातील जिभेचे टाळूवर वाजणारे टक्-टक् ध्वनी प्रेक्षकांना भीतिदायक वाटले. हेच टिचकी-ध्वनी दक्षिण आफ्रिकेतील झोसा आणि झुलू या भाषांत रोजची व्यंजने आहेत. नेल्सन मंडेला यांची मातृभाषा झोसा होती; अंगाईगीतही त्याच ध्वनींत गायिले जाते.

ध्वनी स्वतः कठोर नसतो; ऐकणाऱ्याच्या सवयीने तो कठोर ठरतो. दैत्याच्या तोंडी कोणते ध्वनी द्यायचे हे ठरवताना आपण नकळत कोणाचे तरी चित्र काढत असतो.

७.३.३ अर्थाची वाटणी

दुसरा निर्णय शब्दांचा. मुलांच्या वहीत ‘पाणी’ या शब्दासमोर एक शब्द होता. पण प्रत्येक भाषा जगाची वाटणी आपल्या परीने करते. शेतात उभे असते ते धान, गिरणीतून येतो तो तांदूळ, ताटात पडतो तो भात. इंग्रजी भाषक या तिन्हींना एकच शब्द लावू शकतो. ज्याचे जगणे ज्या वस्तूभोवती फिरते, तिचे बारकावे त्याच्या भाषेत शब्द मागतात.

नावाड्यांच्या भाषेत म्हणून ‘पाणी’ असा एक शब्द नसावा, असे आम्ही ठरवले. वाहते पाणी म्हणजे ‘सेमु’. साठलेले पाणी म्हणजे ‘तपे’. नुसते ‘पाणी’ म्हणायचे असेल तर बोलणाऱ्याला आधी ते वाहते की साठलेले हे ठरवावे लागेल. येथे ‘च’च्या भाषेची वाट संपते. आता मराठी वाक्य उचलून शब्दास शब्द ठेवता येत नाही. विचार करावा लागतो.

शब्दांचे कुटुंब वाढवायला प्रत्यय हवा. ‘-वा’ म्हणजे ‘त्याचे काम करणारा’. ‘सेमुवा’ म्हणजे नावाडी, ‘तपेवा’ म्हणजे विहीर राखणारा. विहीर राखणारा दिवसभर बसून असतो, म्हणून नावाडी आळशी माणसालाही ‘तपेवा’ म्हणू लागले. हा अर्थविस्तार एका मुलीने खेळता खेळता केला; मी सुचवला नव्हता. शब्दाला इतिहास मिळाला तो असा.

७.३.४ व्याकरणाने घातलेली अट

तिसरा निर्णय व्याकरणाचा. रोमान याकबसन या भाषावैज्ञानिकाने एक महत्त्वाचा विचार मांडला आहे. त्याचा आशय असा, की भाषांमधील खरा भेद त्यांत काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताना बोलणाऱ्याला आपले लिंग सांगावेच लागते. इंग्रजीत ते झाकून ठेवता येते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणारा सोबत आहे की नाही हे मराठीत सांगावे लागते.

मराठीत आणखी तीन वाक्ये पाहा : ‘राजा आला’, ‘राजा आला म्हणे’, ‘राजा आला असावा’. पहिले सरळ विधान आहे, दुसरे ऐकीव, तिसरे अनुमान. मराठीत हा भेद ऐच्छिक आहे. ‘म्हणे’ गाळले तरी वाक्य व्याकरणशुद्धच राहते. जगातील काही भाषांत मात्र माहितीचा उगम क्रियापदातच सांगणे बंधनकारक असते. लिवारीत आम्ही तीच अट घातली :

किरा – येणे
किरान – आला (मी पाहिले)
किरालु – आला (मी ऐकले)
किरासे – आला (मी अनुमान करतो)

वाक्यात क्रियापद प्रथम येते. ‘किरान सेमुवा’ म्हणजे नावाडी आला, आणि तो मी पाहिला.

पुढच्या रविवारी या प्रत्ययाने काय केले ते सांगण्याजोगे आहे. खेळातील एक पात्र दोन दिवस तळघरात कैद होते. सुटून आल्यावर ते म्हणाले, सेनापती घाटावर आला. आणि त्याने ‘किरान’ हे रूप वापरले. शेजारच्या खेळाडूने विचारले, “तू कोठडीत होतास. तू पाहिलंस कुठून?” सूत्रधाराने काहीही न सांगता, एका प्रत्ययावरून फितुरी उघडी पडली. भाषा काम करू लागली, असे आपण तेव्हाच म्हणू शकतो. तीनशे शब्दांनी जे झाले नव्हते ते एका ‘न’ने केले.

अशा खेळासाठी पूर्ण व्याकरण लिहिण्याची गरज नसते. शे-दीडशे शब्द, ध्वनींचे चार नियम आणि बोलणाऱ्यावर बंधन घालणारी एक-दोन व्याकरणिक रूपे एवढ्यावर खेळ चालतो. ज्यांना अधिक खोलात जायचे असते ते आयुष्यभर जातात. ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे अध्यापन करणारे जे. आर. आर. टोल्कीन यांनी क्वेन्या ही भाषा फिनिशच्या, तर सिंदारिन ही वेल्शच्या ध्वनिरचनेवरून घडवली. आपल्या कथा त्या भाषांना जग मिळावे म्हणून लिहिल्या, असे ते मानत. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे आणि उर्दूची पाठ्यपुस्तके लिहिणारे एम. ए. आर. बार्कर यांनी टेकुमेल या जगासाठी त्सोल्यानी भाषा रचली आणि १९७५ साली त्या जगावरील भूमिका-खेळ प्रसिद्ध झाला.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) ‘मुने’ म्हणजे जाणे. ‘नावाडी गेला म्हणे’ हे वाक्य लिवारीत लिहा.
आ) ‘टपा’ हा शब्द लिवारीत का बसत नाही?

७.३.५ घडवलेला शब्द कोण स्वीकारतो?

नवे शब्द घडवण्याचा उद्योग केवळ खेळापुरता नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. राज्यकारभारातील सुमारे १३८० फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. त्यांतील काहींनी मूळ धरले; ‘अमात्य’, ‘सचिव’ हे शब्द आजही वापरात आहेत. पण पुढच्याच शतकात राज्य ज्यांच्या हाती गेले त्यांना ‘पेशवे’ म्हटले जाई आणि हिशेब ज्यांच्या हाती होता त्यांना ‘फडणीस’. हे दोन्ही शब्द फार्सीतून आलेले आहेत. कोश राजाज्ञेने तयार झाला होता, तरी दफ्तरातील कारकुनाची लेखणी तिच्या सवयीने चालली.

दुसरे उदाहरण नागपूरचेच आहे. डॉ. रघुवीर यांनी १९४६ साली आपली संस्था लाहोरहून नागपुरास आणली आणि येथे पारिभाषिक शब्दनिर्मितीचे प्रचंड काम केले. त्यांची पद्धत भाषा रचणाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. संस्कृत धातू घ्यावा, त्याला उपसर्ग व प्रत्यय लावावेत, आणि एका धातूतून शब्दांचे अख्खे कुटुंब उभे करावे. ‘धा’ या एका धातूपासून विधान, संविधान, अभिधान, परिधान, विधेयक, वैध असे किती शब्द होतात ते पाहा. एक शब्द कळला की दुसऱ्याचा अर्थ लावता येतो, ही या पद्धतीची ताकद. तिची मर्यादाही तेथेच होती. रघुवीरांचे काही शब्द प्रशासनात स्थिरावले. अनेक शब्द बिनचूक असूनही कोशातच राहिले, कारण ते बोलायला कोणी पुढे आले नाही.

परदेशातही हाच अनुभव आहे. १८८० च्या सुमारास आलेली व्होलाप्यूक ही विश्वभाषा काही काळ गाजली आणि मावळली. १८८७ मध्ये लुडविक झामेनहॉफ यांनी प्रसिद्ध केलेली एस्पेरांतो अजून जिवंत आहे. तिच्यात लोक पत्रे लिहितात, भांडतात, लग्ने जमवतात. काही घरांतील मुलांची ती मातृभाषाही झाली. भाषेचा कर्ता व्याकरण देऊ शकतो. तिला आयुष्य देणे बोलणाऱ्यांच्या हाती असते.

७.३.६ बोली कोणाच्या तोंडी द्यावी?

आता वहीच्या शेवटच्या पानाकडे येऊ. दैत्यांसाठी मुलांनी नवे शब्द घडवले नव्हते. त्यांनी दैत्यांच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’, ‘काया डोया’, ‘काय करून राहिला’ अशी भाषा घातली होती. हसू यावे एवढाच उद्देश होता. पान वाचले जात असताना एक मुलगा गप्प होता. शेवटी तो म्हणाला, “माझी आजी असंच बोलते.” गच्चीवर कोणी काही बोलले नाही.

मुलांना दोष देण्याआधी परंपरा पाहावी. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, राणी आणि सख्या शौरसेनी बोलतात. ‘शाकुंतला’तील कोळी मागधी बोलतो. भाषेवरून पात्राचा दर्जा ओळखू यावा, ही त्यामागची योजना. आपल्या नाटक-चित्रपटांतील नोकर, गावंढळ, विनोदी पात्रे कोणती बोली बोलतात हे आठवून पाहिले, तर ही योजना अजून संपलेली नाही असे दिसते.

भाषा रचण्याचा अभ्यास येथे आपल्या उपयोगी पडतो. लिवारीत नदीच्या मुखाशी राहणाऱ्यांची एक बोली असावी, असे मी मुलांना सुचवले. तिचा नियम एकच : दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘य’ होतो. ‘किरालु’चे ‘किरायु’ झाले. शब्दारंभीचा ‘ल’ टिकला, म्हणून ‘लिवारु’ तसेच राहिले. मुलांनी पाच मिनिटांत सगळे शब्द बिनचूक बदलले. मग मी फळ्यावर वऱ्हाडी-नागपुरी शब्द लिहिले : काळा – काया, डोळा – डोया, शाळा – शाया. नियम त्यांनी स्वतःच सांगितला. ज्या नियमाला लिवारीत ती ‘बोलीचे सौंदर्य’ म्हणत होती, त्याच नियमाला आजीच्या तोंडी ‘अशुद्ध’ म्हणत होती. मुखाशी राहणाऱ्या लोकांच्या भाषेत ‘य’ हा नवा ध्वनी आला, तो चुकीने आला नव्हता. तो नियमाने आला होता.

आपणांपैकी अनेकजण घरी एक मराठी बोलतात आणि उत्तरपत्रिकेत दुसरी लिहितात. उत्तरपत्रिकेसाठी प्रमाणभाषा आवश्यक आहे, ती जरूर शिकावी. पण घरची मराठी ही प्रमाणभाषेची बिघडलेली प्रत आहे असे समजू नये. तिला तिचे ध्वनिनियम आहेत, तिचे प्रत्यय आहेत. ‘करून राहिला’ या रूपात चालू क्रियेचा जो अर्थ आहे, तो मांडण्याची ती एक सुसंगत व्याकरणिक पद्धत आहे.

७.३.७ खरी भाषा की बनवलेली? – निहालीचे उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. आजूबाजूला कोरकू आणि मराठी. निहालीतील बराच शब्दसंग्रह कोरकूतून, काही द्राविडी भाषांतून, काही मराठी-हिंदीतून आलेला आहे. उरलेल्या सुमारे चतुर्थांश शब्दांचे नाते कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. म्हणून तिला एकाकी भाषा म्हणतात.

डच विद्वान एफ. बी. जे. कुइपर यांनी १९६२ च्या आपल्या अभ्यासात एक शक्यता उपस्थित केली : ही एखाद्या गटाची सांकेतिक बोली तर नसेल? प्रश्न विचारणे शास्त्राला धरूनच होते. शब्दसंग्रह इतका मिश्र असेल तर शंका येणारच. पण आपण या घटकात शिकलेल्या कसोट्या लावून पाहू. सांकेतिक बोलीच्या आत दुसऱ्या भाषेचे व्याकरण असते, के. एस. नागराज, शैलेंद्र मोहन आदी अभ्यासकांनी प्रत्यक्ष गावांत जाऊन निहालीचे स्वतःचे व्याकरण नोंदवले आहे. सांकेतिक बोली बाहेरच्यांपासून लपवण्यासाठी असते. निहाली ही घरात बोलली जाणारी, मुले आईबापांकडून शिकणारी भाषा आहे. उसन्या शब्दांचे म्हणाल, तर ‘पेशवा’ आणि ‘फडणीस’ वापरणाऱ्या मराठीला ते उणे काढण्याचा अधिकार नाही.

या प्रश्नाचे उत्तर केवळ ग्रंथालयात राहत नाही. एखाद्या समूहाच्या भाषेला ‘ती खरी भाषाच नव्हे’ असे म्हटले, की तिच्यात पुस्तक नसणे, शाळेत तिला जागा नसणे आणि पुढे ती नाहीशी होणे हे सारे स्वाभाविक वाटू लागते. निहाली आज धोक्यात असलेली भाषा आहे. लिवारी बोलणारे उद्या थांबले तर एक वही मिटेल. निहाली बोलणारे थांबले तर एका समाजाने जगाची केलेली वाटणी कायमची जाईल, आणि ती परत रचणे कोणत्याही भाषावैज्ञानिकाला शक्य नाही.

७.४ सारांश

सांकेतिक बोलीत केवळ बाह्य रूप बदलते; अर्थाची वाटणी आणि व्याकरण मूळ भाषेचेच राहते. कल्पित भाषेला आपले ध्वनिनियम, आपली अर्थाची वाटणी आणि बोलणाऱ्यावर बंधन घालणारे आपले व्याकरण असावे लागते. घडवलेला शब्द आज्ञेने किंवा बिनचूकपणाने रुजत नाही. तो वापराने रुजतो. भाषा रचताना आपल्याला दिसते की बोलीतील फरक नियमबद्ध असतात. म्हणून कोणाच्या तोंडी कोणती बोली द्यायची, हा कलेइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

मुलांच्या वहीतील ते शेवटचे पान आता बदलले आहे. दैत्यांना त्यांनी स्वतंत्र भाषा रचून दिली. आजीची भाषा खेळात राहिली. ती आता नावाड्यांचा निवाडा करणारी म्हातारी बोलते.

७.५ पारिभाषिक शब्द

सांकेतिक बोली : मूळ भाषेचे रूप ठरावीक नियमाने बदलून केलेली, गटाबाहेरच्यांना न कळणारी बोली.
कल्पित भाषा : एखाद्या काल्पनिक समाजासाठी हेतुपूर्वक रचलेली भाषा.
माहितीचा उगम दर्शवणारे रूप : विधान पाहिलेले, ऐकलेले की अनुमानाने केलेले आहे हे सांगणारा क्रियापदाचा प्रत्यय.
एकाकी भाषा : कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नाते सिद्ध न झालेली भाषा.

७.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) चगपूरना. आ) त्यात केवळ अक्षरचिन्हे बदललेली आहेत. शब्द, अर्थ आणि व्याकरण मराठीचेच आहे.
२. अ) मुनेलु सेमुवा. आ) लिवारीत मूर्धन्य ध्वनी नाहीत.

७.७ सरावासाठी स्वाध्याय

१. सांकेतिक बोली आणि भाषा यांतील फरक ‘च’ची भाषा व निहाली यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. राज्यव्यवहारकोश आणि डॉ. रघुवीर यांचे कार्य यांवरून शब्दनिर्मितीच्या यशापयशाची कारणे लिहा.
३. ‘दोन स्वरांमधील ल चा य होतो’ हा नियम लावून नदीमुखाच्या बोलीत ‘नावाडी गेला म्हणे’ हे वाक्य लिहा. याच धर्तीचा एक नियम आपल्या परिसरातील बोलीत शोधा.

७.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीशी अर्धा तास बोला. तिच्या बोलण्यातील, आपल्या पाठ्यपुस्तकात न आढळणारी वीस रूपे लिहून घ्या. त्यांपुढे ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ असा शेरा लिहू नये. प्रत्येक रूपामागील नियम शोधण्याचा प्रयत्न करा. नोंदी पूर्ण झाल्यावर त्या त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी केलेली दुरुस्ती वेगळ्या रंगाच्या शाईने नोंदवा.